दोनशे दहा वेढे

स्वरूपा : आणि मग? तुमच्या अँप्लिफायरच्या पेटीतनं सगळ्यात पहिला आवाज कुणाचा आला, आप्पा?

मारुतीराव : तुझ्या आज्जीचा. पन्नास वर्सं झाली, अजून कानात हाय. गणपतीचा मांडव, गल्लीच्या टोकाला लिंबावर कर्णा बांधलेला, आणि माईकपुढं ही. मी म्हटलं, "तपासायचंय, नुसतं हॅलो म्हण." तर कर्ण्यातनं अख्ख्या वडगावात आवाज गेला, "हॅलो म्हंजी काय म्हणू?"

मालुबाई : मग काय चुकलं माझं? गल्लीत कुणाच्या घरात फोन हुता तवा, हॅलो म्हणायला?

मारुतीराव : चुकलं कोण म्हणतंय? सतरा वर्साची पोर. आमचं लगीन ठरायचं हुतं अजून. आवाज कसा, तर कोऱ्या लुगड्याची घडी मोडल्यागत. करकरीत.

मालुबाई : आणि तासाभरात त्येच लुगडं टर्रकन फाटलं. त्ये बी सांगा की नातीला. निम्मंच का सांगतायसा?

मारुतीराव : आला इषय.

मालुबाई : येणारच. तिची थोरली भन परवापास्नं माझ्या मागं लागलीया. "आज्जी, माझ्या हळदीला माईकवर ओवी म्हण. आज्जी, म्हण की." मी रक्षाला सांगून टाकलं. घाणा भरताना म्हणीन, मुसळापाशी म्हणीन, गॅसपुढं उभी ऱ्हाऊन म्हणीन. माईक न्हाय. माईकला माझा गळा फाटतो.

स्वरूपा : ताईनं मलाच कामाला लावलंय गं. म्हणते, नवऱ्याकडचे निपाणीवाले डीजे घेऊन येणार आहेत, आपल्याकडनं निदान आज्जीची ओवी तरी पाहिजे. रविवारपर्यंत तिला तयार कर.

मालुबाई : निपाणीकरांस्नी त्यांचा डीजे लखलाभ. मी हळकुंडं बांधत बसलीया, मला बांधू दे सुम्ने, गपगुमान.

स्वरूपा : बांध की. कान तर मोकळे आहेत? दोघंही ऐका आता. आप्पा, तुमच्या वहीतलं सर्किट मी जसंच्या तसं इथं लॅपटॉपात काढलंय. हे पुढचे दोन व्हॉल्व, हे मागचे दोन मोठे.

मारुतीराव : कुठं हायत? मला तर नुसत्या रेघा दिसाल्यात.

स्वरूपा : रेघाच आहेत. पण प्रत्येक तुकड्याच्या पोटात त्याचं गणित भरलंय. हा व्हॉल्व किती व्होल्टला किती करंट सोडतो, हा कपॅसिटर काय अडवतो आणि काय जाऊ देतो. या टोकानं आवाज सोडायचा, सॉफ्टवेअर एकेका क्षणाचं गणित सोडवतं आणि त्या टोकानं आवाज बाहेर काढतं. मी कंपनीचं काम म्हणून दिवसभर दुसरं काय करते? गिटार वाजवणाऱ्या पोरांना जुन्या अँप्लिफायरचा आवाज पाहिजे असतो, पण वीस किलोची पेटी उचलायला नको असते.

मारुतीराव : दिवा पेटला न्हाय, काच तापली न्हाय, आणि म्हणं आवाज. माझ्या पेटीचं बटण दाबलं की अर्धा मिनिट दम धराय लागायचा. व्हॉल्व हळूहळू लाल व्हायचा, नवी सून पयल्यांदा पंगतीत वाढाय आल्यागत. मग आवाज.

स्वरूपा : याला चार मिनिटं थांबावं लागतं. वीस सेकंदांचा आवाज, चार मिनिटं गणित.

मारुतीराव : म्हंजी ह्येबी तापतंय म्हण की! मग बरं हाय. मग असंल खरं.

स्वरूपा : पहिला तुकडा सकाळीच तापवून ठेवलाय. ऐका.

मालुबाई : अगं बाई! ही कोण म्हणतीया? "मुसळाला बांधू गं पिवळं हळकुंड, रक्षाच्या हळदीला गल्लीभर झुंबड..." ही तर माझी मी रचलेली! ही तर मीच!

स्वरूपा : परवा तू शेंगाची चटणी कुटत होतीस ना? मी फोन खिडकीत ठेवला होता.

मालुबाई : चोरटी! दागिना चोरावा, दुधावरची साय चोरावी. आज्जीचा गळा चोरणारी ही पयलीच.

स्वरूपा : आणि शेजारच्या शिवराजकडनं त्यावर ढोलकी वाजवून घेतली. तुमच्या वेळी रवळूकाका वाजवायचे, तसा ठेका. दोन्ही मिसळून आप्पांच्या पेटीतनं काढलंय. बोला आप्पा, असाच वाजायचा?

मारुतीराव : हुबेहूब! अगदी ह्योच आवाज. झालं काम. मिटव त्ये आणि चहा टाक.

स्वरूपा : इतक्यात? आप्पा, तुम्ही आजवर चहालासुद्धा पहिल्या घोटाला बरा म्हटलेलं नाही.

मारुतीराव : बऱ्याला बरं म्हणाय नगो?

मालुबाई : खोटं बोलाल्यात. ह्यो आवाज तसा न्हाय. ह्यो लई गोड हाय. त्या दिवशी मांडवात असा न्हवता.

स्वरूपा : कसा होता?

मालुबाई : मी एकलीच म्हणत हुते तवर बरा हुता. बायका माना डोलवाय लागल्या. मग रवळूनं ढोलकीवर हात टाकला. आणि काय झालं त्ये मला अजून कळलेलं न्हाय बघ. माझ्या आतनं गळा नीट निघालता. छातीला ठावं असतंय की, नीट निघाला का न्हाय त्ये. कर्ण्यातनं मातूर चिंध्या. ढोलकीची धुम आली की चीर. धुम आली की चीर. मी आणिक जोर लावला, तर आणिक फाटलं. पोरं हसाय लागली. गल्लीतली बायाक्का पुढंच बसलीती. ती मोठ्यांदा म्हणाली, "मालीचा गळा म्हंजी फाटकं लुगडं. नेसाय बी न्हाय आणि पोतेऱ्याला बी न्हाय." झालं. विणकराच्या गल्लीत फाटक्या लुगड्याचं नाव पडलं की पुसतंय व्हय? वरीसभर नळाला गेले की, "आलं बगा फाटकं लुगडं."

स्वरूपा : आज्जी, हे तू कधी सांगितलं नाहीस.

मालुबाई : सांगायजोगं काय हाय त्यात? देवानं मला घरापुरता गळा दिला, मांडवापुरता दिला न्हाय. मी मानून घेतलं. पण माईक बघितला की अजून पाय मागं फिरतात माझं.

मारुतीराव : चहा कोण टाकतंय का मीच उठू?

स्वरूपा : एक मिनिट, आप्पा. ढोलकी आली की फाटायचा? नुसत्या गळ्याला नाही?

मालुबाई : नुसत्याला न्हाय.

स्वरूपा : मग हे गळ्याचं लक्षण नव्हे. खालचा जड आवाज आला की वरचा बारीक आवाज तुटतो, हे लोखंडाचं लक्षण. शेवटचा ट्रान्सफॉर्मर, कर्ण्याकडं आवाज नेणारा. तो तुम्ही घरीच गुंडाळला होता ना, आप्पा?

मारुतीराव : गुंडाळलाता. पण त्यो जळला की. कवाच जळला. त्याच्यापायीच तर पेटी माळ्यावर टाकली.

स्वरूपा : जळलेला का असेना, बघू तरी.

मारुतीराव : नगो नगो. लई धूळ हाय वर. विंचू असत्याल.

मालुबाई : विंचू! गौरीचा मुखवटा काढाय वर कोण चढलंतं? तवा विंचू कुठं गेलतं, गावाला?

(माळ्यावरून पेटी खाली येते. धुळीनं तिघंही शिंकतात.)

स्वरूपा : बाई गं, केवढी जड! आप्पा, हे बघा. वरचा कागदसुद्धा काळा पडलेला नाही. जळल्याचा वास नाही, डाग नाही. मीटर लावते. तार कुठं तुटलेली नाही. हा तर जिवंत आहे!

मारुतीराव : असं व्हय? पडून पडून बरा झाला असंल.

मालुबाई : ट्रान्सफॉर्मर पडून पडून बरा होतोय, मग माझा गुडघा का हुईना?

स्वरूपा : आता बघा हं. कर्ण्याकडच्या बाजूनं मी थोडीशी वीज सोडते, अडीच व्होल्ट. मोठ्या व्हॉल्वांकडं तारेची दोन अंगं आहेत, एकेका व्हॉल्वला एकेक. वहीत तुम्ही लिहिलंय, दोन्ही अंगांना चौदाशे चौदाशे वेढे. म्हणजे मीटर दोन्हीकडं सारखा दाखवणार. या अंगाला, अठ्ठावीस. बरोबर. त्या अंगाला... तेवीस पॉइंट आठ.

मारुतीराव : मीटर चायनाचा दिसतोय.

स्वरूपा : परत लावला. तेवीस पॉइंट आठ. म्हणजे इथं चौदाशे नाहीत, अकराशे नव्वदच आहेत. दोनशे दहा वेढे कमी.

मारुतीराव : उंदरानं खाल्लं असत्याल.

मालुबाई : आणि खाऊन टोकं परत जोडून ठेवली उंदरानं?

मारुतीराव : मग तार आटली असंल.

मालुबाई : तार म्हंजी काय सुती लुगडं हाय, धुतल्यावर आटाय? अवो, तुमी असं घामाघूम का झालासा? पंखा लाव गं ह्यास्नी.

स्वरूपा : म्हणून गोड वाजलं ते! मी वहीवर विश्वास ठेवून दोन्हीकडं चौदाशे भरले होते. थांबा, एका अंगाला अकराशे नव्वद लिहिते. आज्जी, सोपं आहे बघ. दोन्ही अंगं सारखी असली की दोन्हीकडनं सारखं ओढलं जातं आणि मधलं लोखंड मोकळं राहतं. एक अंग कमी पडलं की लोखंड आधीच एका बाजूला कललेलं असतं.

मालुबाई : मागावर ताणा एका अंगानं सैल ऱ्हायल्यागत.

स्वरूपा : अगदी तसंच! बारीक आवाजाला ते चालून जातं. पण ढोलकीची धुम आली की लोखंड पार भरतं, त्याला आणखी काही पेलवत नाही, आणि त्या वेळेला गळ्यातनं जे काय निघत असेल ते तुटतं. लावलं बघ गणिताला. चार मिनिटं.

मारुतीराव : मी जरा शहापुरातनं जाऊन येतो. पानाला.

मालुबाई : डबा तुमच्या मांडीवर हाय. बसा.

स्वरूपा : आप्पा, तोवर मला सांगा. वेढे मोजायला तुमच्याकडं काय होतं? काउंटर?

मारुतीराव : काउंटर कुठला, पोरी? मोटारी गुंडाळणारा एकजण वळखीचा हुता, उद्यमबागेत कारखान्याला कामाला जायचा. त्यानं भंगारातली तांब्याची तार दिली, वर चहा पाजला. काउंटर न्हाय दिला. म्हणाला, त्यो दिला तर मी काय बोटांवर मोजू? मग मी आईचा, मागासाठी सुताच्या कांड्या भरायचा रहाट घेतला. सुताची कांडी काढली, तिथं ट्रान्सफॉर्मरचा साचा बसवला. चाक एकदा फिरलं की चाती, म्हंजी साच्याची सळई, धा वेळा फिरती, खडूनं खूण करून मोजलंतं मी.

स्वरूपा : रहाटावर ट्रान्सफॉर्मर! हे मी कंपनीत सांगितलं तर माझ्याकडं वेड्यासारखं बघतील. म्हणजे एकशेचाळीस फेरे मोजायचे.

मारुतीराव : आणि एका बैठकीत. मधीच कोण पाणी मागतंय, कोण हाक मारतंय, ध्यान हुकतंय. म्हणून मग... त्ये जाऊ दे. झाली न्हाईत का चार मिनिटं?

स्वरूपा : एकच झालंय. थांबा, वहीत इथं काहीतरी लिहिलंय. मला वाटलं होतं देवाधर्माचं असेल. "एक ओवी सात फेरे. सत्तर वेढे. वीस ओव्या." आणि खाली नुसत्या रेघा. पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी वीस. तुम्ही ओव्यांवर वेढे मोजलेत?

मालुबाई : कुणाच्या ओव्या?

मारुतीराव : पंख्याचा वारा लई याय लागला. कमी कर गं जरा.

मालुबाई : कुणाच्या ओव्या, म्हटलं? तुमच्या आईचा घसा बसका. ती म्हातारी कवा गुणगुणली बी न्हाय. लग्नाआदी तुमचा रहाट भिंतीच्या पल्याड आणि आमच्या घरातला अल्याड. कांड्या भरताना दुपारभर मी म्हणायची. माझ्या ओव्यांवर तार मोजलासा तुमी?

मारुतीराव : मग कशावर मोजायची? घड्याळ माझ्याकडं न्हवतं. तुझी लय पक्की, एक ओवी सुटली की बरोबर सात फेरे. पावशेर इकडं न्हाय, तिकडं न्हाय. तुझ्या रहाटाबरोबर माझा फिरवायचा. ओवी संपली की वहीत रेघ.

मालुबाई : पन्नास वर्सं झाली. आज मला कळतंय, मी त्यांचं काउंटर हुते!

स्वरूपा : आज्जी, तू हसतेस?

मालुबाई : हसू नगो तर काय करू? मी आपली देवाला, भावाला, म्हायेराला ओव्या घालतीया, आणि पल्याड ह्ये माझ्या दर ओवीला सत्तर वेढं मारतायत.

स्वरूपा : झालं. आवाज आला. लावू?

मारुतीराव : नगो लावू.

मालुबाई : लाव.

स्वरूपा : ऐका तर.

मालुबाई : ह्योच.

स्वरूपा : आज्जी?

मालुबाई : ह्योच त्यो आवाज. धुम आली की चीर. बंद कर गं, बंद कर त्ये.

स्वरूपा : बंद केला. पण माझं ऐक. हा गळा कुठला? परवाचा, चटणी कुटतानाचा. तोच गळा, तीच ओवी, तीच शिवराजची ढोलकी. मघाशी फाटली नाही, आता फाटली. मधे मी एकच आकडा बदलला. गळ्याला हातसुद्धा लावला नाही.

मालुबाई : म्हंजी...

स्वरूपा : म्हणजे त्या दिवशी मांडवात तू नीटच म्हणत होतीस. तुझ्या छातीला जे ठाऊक होतं ते बरोबर होतं.

मालुबाई : अवो.

मारुतीराव : हं.

मालुबाई : ही पोर काय म्हणालीया, ऐकलासा?

मारुतीराव : ऐकलं.

मालुबाई : तुमाला ह्ये आज कळालं का आदी ठावं हुतं?

मारुतीराव : डब्यातला चुना संपलाय वाटतं.

मालुबाई : मी हळकुंडं खाली ठेवलीत. आता सांगा.

मारुतीराव : नागेंद्राच्या बारशाला कळालं.

स्वरूपा : बाबांच्या बारशाला?

मारुतीराव : त्या दिवशी पेटी परत काढलीती. शाळंचं भरमू मास्तर चार शब्द बोलाय उठलं. गडी पैलवानी, आवाज खणखणीत. मागं रवळू ढोलकी घेऊन बसलाता, त्यानं गंमत म्हणून मधीच एक थाप मारली. मास्तरांचा आवाज बी टर्रकन फाटला. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून मोजलं. ह्या पोरीगतच. तिनं आता जो आकडा सांगितला, त्योच आलता.

मालुबाई : आणि मला सांगितलासा, ट्रान्सफॉर्मर जळला.

मारुतीराव : व्हय.

मालुबाई : सत्तेचाळीस वर्सं.

मारुतीराव : व्हय.

मालुबाई : नागेंद्राच्या लग्नात बायकांनी हात धरून मला माईकपाशी वढलं. मी रडकुंडीला आले, पर गेले न्हाय. तवा तुमी चार हातावर उभं हुतासा. वायर गुंडाळत.

मारुतीराव : हुतो. बघत हुतो.

मालुबाई : तोंडात काय धरलंतं मग? पान?

मारुतीराव : लाज धरलीती. आदी यंत्राची लाज. गल्ली मला इंजनेर म्हणायची गं. नववी नापास गड्याला इंजनेर. त्यानंतर मग तुझीच लाज वाटाय लागली. एक वरीस गेलं, धा गेली. जेवढं लांबलं तेवढं तोंड उघडंना. दरसाल गणपती आला की म्हणायचो, औंदा सांगू. शिव्या दे तू. मी ऐकून घेतो.

मालुबाई : शिव्या! नातीपुढं कुठल्या देऊ? तिला कानात घालायची ती बोंडं घाल म्हणावं आदी.

स्वरूपा : घालू?

मालुबाई : राहू दे. ऐकू दे तिला बी. तिच्या आप्पाचं शिक्षण.

स्वरूपा : मला एक कळत नाही, आप्पा. रेघा वीस आहेत. तार मात्र सतरा ओव्यांचीच गुंडाळलेली. दोनशे दहा म्हणजे तीन ओव्या. ओव्या ऐकल्यात, रेघा मारल्यात आणि रहाट तेवढा फिरवला नाहीत, असं झालं तरी कसं?

मारुतीराव : आता काय आठवतंय व्हय? पन्नास वर्सं झाली.

मालुबाई : तीन ओव्या? दुसऱ्या दिवशीच्या?

स्वरूपा : दुसऱ्या अंगाच्या. म्हणजे दुसऱ्याच दिवशीच्या.

मालुबाई : अगं आई गं.

स्वरूपा : काय झालं?

मालुबाई : काय न्हाय.

स्वरूपा : आज्जी, तू लाजतेस! सदुसष्टाव्या वर्षी!

मालुबाई : गप की! मला काय ठावं, भिंतीला कान असतील म्हणून. न्हाय, ठावं हुतं. ठावं हुतं म्हणूनच म्हटलं. आदल्या दिवसापास्नं त्येंचा रहाट माझ्या रहाटामागं फिराय लागलाता. कोण बी वळखंल. मग मी मुद्दाम म्हटलं,
भिंतीच्या पल्याड गं, कोण गुंडाळी तांब्याला
येकदा बी डोकावंना, काय म्हणावं लांब्याला

स्वरूपा : लांब्या! आप्पा, तुम्ही लांब्या!

मारुतीराव : तवा उंच हुतो मी. आता वाकलोय.

मालुबाई : आणि वर दुसरी,
माझ्या रहाटामागं, त्येचा रहाट फिरतो
माझा थांबला की मेला, त्योबी दम धरतो

स्वरूपा : आणि तिसरी?

मालुबाई : तिसरी नातीपुढं म्हणायजोगी न्हाय.

मारुतीराव : ती मला पाठ हाय.

मालुबाई : पाठ असू दे, तोंड मिटा. आणि तुला सांगते स्वरूपा, त्या तीन ओव्या मी म्हणत हुते तवा पल्याडचा रहाट बंद झालता. आवाजच न्हाय. म्हटलं, रागावून उठून गेलं. थट्टा जास्तच झाली, आता काय बी ह्या घरातनं मागणं यायचं न्हाय. चवथ्या ओवीला मी गप देवाचं नाव घेतलं. तवा कुठं रहाट परत सुरू झाला.

स्वरूपा : म्हणजे तुझ्याच ओव्यांनी तुझा आवाज फाडला!

मालुबाई : हिच्या तोंडाला लागू नये. फोन लाव रक्षाला.

स्वरूपा : आत्ता?

मालुबाई : आत्ताच. उगी वेळ गेला की माझं मन बदलतंय. सांग, आईतवारी मला माईक पायजे. निपाणीकरांच्या डीजेचा असला तरी चालंल. आणि ढोलकी पायजे, शिवराजला म्हणावं, न भिता दणकून वाजव. आणि बायाक्काला बोलावणं गेलंय का बघ.

मारुतीराव : बायाक्का नव्वदीला आली की. कान गेलेत तिचं.

मालुबाई : म्हणून तर. तिला कर्ण्याच्या पुढ्यात बसवा.

स्वरूपा : लागला फोन. ताई? ताई, आज्जी गाणार! रविवारी, माईकवर! हो, ढोलकीसकट. अगं किंचाळू नकोस, स्पीकर फाटेल माझा! थांब, मी अंगणात येते, इथं आवाज तुटतोय. सगळं सांगते तुला, थांब...

मालुबाई : गेली. आता आपण दोघंच हाय. खरं सांगा मला. रागावून उठला न्हवता, मग रहाट का थांबवलासा?

मारुतीराव : लई कुरकुरायचा गं त्यो रहाट, मालू. फिरवत ऱ्हायलो असतो, तर तुझा येखादा सबूद ऐकाय आला नसता.